वाराणसी, कार्तिक पौर्णिमा, शके १४९५

मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाकाठाने उत्तरेकडे निघालं की मराठी माणसाला ओळखीची नावं भेटत जातात. बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, पुढे ग्वाल्हेरकरांचा, मग बालाजी घाट आणि त्याला लागून पंचगंगा. इथल्या उभ्या पायऱ्या चढून वरच्या अरुंद गल्लीत शिरलं की मंगला गौरीचं देऊळ लागतं. आपल्याकडे श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवऱ्या जिची पूजा मांडतात, तीच ही गौर. काशीखंडातली कथा अशी, की सूर्याने इथे उग्र तप केलं, त्याच्या घामाची किरणा नदी झाली, आणि त्याने स्थापलेल्या शिवाचं नाव गभस्तीश्वर पडलं. शेजारी मंगला गौरी आणि मयूखादित्य. किरणा, धूतपापा, गंगा, यमुना, सरस्वती अशा पाच धारा इथे मिळतात ही श्रद्धा, म्हणून खालचा घाट पंचगंगा. बिस्मिल्ला खाँसाहेबांचा शहनाईचा रियाज वर्षानुवर्षं याच भागात, बालाजीच्या देवळात चालला.

काशीतल्या प्रत्येक घाटाला आपापला महिना असतो. पंचगंगेचा महिना कार्तिक. महिनाभर पहाटेचं स्नान, बांबूच्या टोकाला टांगलेले आकाशदिवे आणि पौर्णिमेला दिव्यांचा उत्सव. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ त्या रात्री उजळतो.

याच काठावर एका कार्तिकी पौर्णिमेला मराठीतल्या एका फार मोठ्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय लिहून झाला. ग्रंथ एकनाथी भागवत. लिहिणारा पैठणचा, वय चाळिशीच्या घरातलं. ही गोष्ट कुणा चरित्रकाराने नंतर रचलेली नाही. एकनाथांनी ती ग्रंथाच्या शेवटी स्वतःच नोंदवून ठेवली आहे, आणि इतक्या काटेकोरपणे की आजच्या छापील पुस्तकांच्या मागच्या पानानेही त्यावरून धडा घ्यावा.

ती नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. एकनाथ आधी जागा सांगतात: वाराणसी, मणिकर्णिकेचा तीर, पंचमुद्रा नावाचं पीठ. हे पीठ शिंदे घाटाच्या वर, आज जिथे संकटादेवीचं देऊळ आहे त्या परिसराशी जोडलं जातं. मंगला गौरीपासून ते चालत काही मिनिटांवर आहे. मग ते काळ सांगतात, आणि तो दोनदा सांगतात. काशीत विक्रम संवत चालतो, म्हणून पहिली तारीख तिथली: संवत १६३०, संवत्सर वृष, कार्तिक शुद्ध पौर्णिमा, वार सोमवार. नंतर ते गोदाकाठच्या माणसांकडे वळतात. आपल्या देशी हा काळ कसा मोजतात तेही ऐका, असं म्हणून दुसरी तारीख देतात: शालिवाहन शके १४९५, संवत्सर श्रीमुख. एकाच वर्षाला उत्तरेत वृष आणि दक्षिणेत श्रीमुख म्हणतात, याचं कारण उत्तरेकडची गणना गुरूच्या गतीला धरून चालते. दर पंच्याऐंशीएक वर्षांनी एक संवत्सर गळतं, आणि एकनाथांच्या काळापर्यंत दोन्हींत आठ नावांचं अंतर पडलं होतं. साठ नावांच्या यादीत श्रीमुख सातवं आणि वृष पंधरावं, म्हणजे हिशेब चोख जुळतो. तिथी इंग्रजी कालगणनेत मांडली तर ९ नोव्हेंबर १५७३ येते. तो दिवस सोमवारच होता आणि त्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र होता.

लांबलचक काम संपल्यावर इतक्या स्वच्छ मनाने दोन पंचांगं जुळवून तारीख लिहिणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याच्यापुढे वाचक दोन होते, एक काशीतला आणि एक घरचा. दोघांनाही आपापल्या भाषेत दिवस कळला पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह.

मराठीत ही चाल एकनाथांनी सुरू केली नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी शके १२१२ आहे, गोदेच्या दक्षिण तीरावरच्या त्या क्षेत्राचं वर्णन आहे, आणि ग्रंथ लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नावही आहे. मोठ्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय हा मराठीत असा दुहेरी असतो. विषय संपतो आणि त्यामागून ग्रंथकार पुढे येऊन उभा राहतो. कुठे बसलो होतो, गुरू कोण, कोणामुळे हे घडलं, हे सगळं तो तेव्हा सांगतो. आधीच्या हजारो ओव्यांमध्ये जो स्वतःला मागे ठेवतो, त्याची भेट वाचकाला इथे होते.

एकनाथांनी आणखी एक गोष्ट भागवताच्या याच शेवटात सांगितली आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ग्रंथाचा आरंभ पैठणला झाला, तिथे पाच अध्याय पुरे झाले, आणि पुढचा विस्तार आनंदवनात, म्हणजे काशीत झाला. एकूण अध्याय ३१. म्हणजे पाच गोदातीरी आणि सव्वीस गंगातीरी. ओव्या अठरा हजारांहून जास्त. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या साडेतेराशेच्या आसपास श्लोकांवरची ही टीका. सरासरी काढली तर एकेका अध्यायाला सहाशे ओव्या पडतात. बोरूने लिहायचं, पानं वाळवायची, तपासायची, मग नकलाकारांनी उतरवायची. हे काम हप्त्याहप्त्यानेच होत होतं आणि हप्त्याहप्त्यानेच लोकांपर्यंत जात होतं.

कसं जात होतं, त्याची आठवण परंपरेने जपली आहे. महिपतींसारख्या चरित्रकारांनी दीडदोनशे वर्षांनी ती सविस्तर लिहिली. सुरुवातीच्या अध्यायांची प्रत कुणी पैठणकर काशीला घेऊन गेला. मणिकर्णिकेवर बसून तो ती रोज वाचायचा. ते तिथल्या एका मठाच्या स्वामींच्या कानावर गेलं, आणि भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात उतरवणारा हा कोण, असं म्हणून त्यांनी एकनाथांना काशीला बोलावून घेतलं. कथेत पुढे वाद आहे, चमत्कार आहे, आणि शेवटी ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक आहे. चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पण कथेचा गाभा एकनाथांच्याच नोंदीशी जुळतो: पहिले अध्याय ग्रंथ पुरा होण्याआधीच बाहेर पडले होते, आणि उरलेले वाट पाहणाऱ्यांच्या, पारखणाऱ्यांच्या, कदाचित टोकणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर लिहिले गेले.

आणि वाट पाहायला लावणारी सामग्री त्या पहिल्या अध्यायांत भरपूर होती. अकराव्या स्कंधाची सुरुवात आठवा. यादवांची टारगट पोरं सांबाला बाईचा वेष देतात, ऋषींपुढे नेऊन उभी करतात आणि विचारतात, हिला काय होईल? ऋषी चिडून म्हणतात, कुळाचा नाश करणारं मुसळ होईल. पोट सोडून पाहतात तर खरंच लोखंडाचं मुसळ. घाबरून त्याचा कीस काढतात आणि समुद्रात टाकतात. उरलेला तुकडा एक मासा गिळतो, तो मासा कोळ्याच्या जाळ्यात सापडतो, आणि तो तुकडा जरा नावाच्या पारध्याच्या बाणाच्या टोकाला लागतो. इथे पहिला अध्याय संपतो. त्या मुसळाचं पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं, पण ते घडतं थेट तिसाव्या अध्यायात: प्रभासच्या किनाऱ्यावर त्याच किसाचं उगवलेलं लव्हाळं उपटून यादव एकमेकांना मारतात आणि जरेचा बाण कृष्णाच्या पायाला लागतो. मध्ये अठ्ठावीस अध्याय. त्यांत नऊ योगेश्वर आहेत, अवधूताचे चोवीस गुरू आहेत, उज्जैनचा तो पैसा गमावलेला कदर्यू आहे, आणि सबंध उद्धवगीता आहे. बाण मात्र सारा वेळ भात्यात आहे.

व्यासांच्या या रचनेतला ताण एकनाथांना नेमका उमगला होता. तत्त्वज्ञान सांगताना ते घाई करत नाहीत, पण प्रसंग आला की त्यांची ओवी धावते. सगळा अकरावा स्कंध हा निरोपाचा स्कंध आहे. कृष्ण जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो जाईपर्यंत उद्धव जमेल तेवढं विचारून घेतो. म्हणून या ग्रंथाचा शेवट लिहिणं सोपं नव्हतं. एकतिसाव्या अध्यायात कृष्ण निजधामाला जातो, द्वारका बुडते, आणि त्यानंतर लगेच एकनाथांना स्वतःच्या आनंदाची गोष्ट सांगायची आहे. शोकाच्या इतक्या जवळ समाधान मांडताना ते अडखळत नाहीत. हे सगळं गुरू जनार्दनस्वामींनी लिहवून घेतलं, मी निमित्त, असं म्हणून ते वाचकाला हळूच त्या समुद्राकाठून गंगेकाठी आणतात. मला ही मराठीतली सर्वांत सुंदर समाप्ती वाटते.

त्यावेळच्या काशीत मराठी बोलणं ऐकू येत होतं का? येत होतं. पैठणचेच रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला येऊन राहिले होते. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट १५१३ चे, म्हणजे एकनाथांहून वीसएक वर्षांनी मोठे. १५७३ मध्ये काशीच्या पंडितांत त्यांचा शब्द मानला जात होता. पुढे विश्वेश्वराच्या देवळाची पुन्हा उभारणी झाली ती याच नारायणभट्टांच्या पुढाकाराने आणि तोडरमलाच्या मदतीने. निर्णयसिंधु लिहिणारे कमलाकरभट्ट या घरातले, आणि रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घरातले. घाट मात्र तेव्हा आज दिसतात तसे नव्हते. शिंदे, भोसले, पेशवे, होळकर यांचे दगड दीडशे ते अडीचशे वर्षांनी आले. एकनाथ ज्या काठावर बसले तिथे बरीचशी माती आणि वाळूच असणार.

एकनाथ काशीत काही फक्त भागवतासाठी बसले नव्हते. त्यांचं रुक्मिणीस्वयंवर शके १४९३, म्हणजे १५७१ च्या रामनवमीला पुरं झालं, आणि तेही वाराणसीतच. अठरा अध्यायांचं हे काव्य महाराष्ट्रात इतकं घरोघर गेलं, की लग्न ठरत नसलेल्या मुलींना त्याचं पारायण करायला सांगण्याची रीत आजवर टिकली आहे. रुक्मिणीच्या त्या रामनवमीपासून भागवताच्या कार्तिकी पौर्णिमेपर्यंत अडीच वर्षं होतात. एका माणसाच्या हातून, घरापासून शेकडो कोस दूर, एवढ्या काळात एवढं लिहून व्हावं हे थक्क करणारं आहे. आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, संवत १६३१ च्या रामनवमीला, तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसाला हात घातला. तोही ग्रंथ एका गावी सुरू झाला आणि पुढे काशीत वाढला.  देशी भाषांसाठी ते दिवस विलक्षण होते.

एकनाथ पैठणला परतले आणि त्यांनी हातात घेतलेल्या पुढच्या मोठ्या कामाचं स्वरूप अगदी वेगळं होतं. ज्ञानेश्वरीला तोवर तीन शतकं होत आली होती. नकला करताना ओव्या बदलल्या होत्या, भर पडली होती. एकनाथांनी प्रती जमवून, ताडून पाहून शुद्ध पाठ तयार केला आणि त्याचीही तारीख शेवटी घातली: शके १५०६, म्हणजे १५८४. सोबत एक सक्त सूचना जोडली, की यात कुणी आपली मराठी ओवी घालू नये. दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या ग्रंथात आपला शब्द मिसळणं त्यांना मुळीच खपत नव्हतं.

आता नियतीचा फेरा पाहा. याच एकनाथांचा शेवटचा आणि सर्वांत लांबीचा ग्रंथ त्यांच्या हातून पुरा झाला नाही.

भावार्थ रामायण हे त्यांचं अखेरच्या वर्षांतलं काम. सात कांडं मिळून २९७ अध्याय. आकाराने भागवताच्या दुपटीला जाईल एवढं. बाल, अयोध्या, अरण्य, किष्किंधा, सुंदर अशी कांडं झाली. युद्धकांड सुरू झालं. त्याचे चव्वेचाळीस अध्याय झाले, आणि तिथे एकनाथांची लेखणी थांबली. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला, आज आपण जिला नाथषष्ठी म्हणतो त्या दिवशी, पैठणला गोदेच्या पात्रात त्यांनी देह ठेवला. युद्ध चालू होतं. रावण जिवंत होता. अयोध्येला परतणं, राज्याभिषेक, उत्तरकांड, सगळंच राहिलं होतं.

उरलेलं गावबाने पुरं केलं. हा गावबा म्हणजे एकनाथांच्या घरात वाढलेला मुलगा. परंपरा त्याची ओळख पुरणपोळीचा वेडा म्हणून करून देते: मंदबुद्धी समजलेलं पोर, पुरणपोळी मिळते म्हणून नाथांच्या घरी राहिलेलं, त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंच्या हातचं खाऊन मोठं झालेलं. नाथांनी जाताना सांगितलं, हा ग्रंथ गावबा पुरा करील, आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटेना. कथा काहीही असो, युद्धकांडाचा उरलेला भाग आणि उत्तरकांड त्याने लिहिलं हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मान्य आहे. आणि कसं लिहिलं? चव्वेचाळिसाव्यावरून पंचेचाळिसाव्या अध्यायात जाताना ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही. वर्षानुवर्षं पारायण करणाऱ्यांनाही इथे लेखक बदलला हे मुद्दाम सांगावं लागतं. आईने अर्धी विणलेली गोधडी लेकीने पुरी करावी आणि टाके शोधूनही सापडू नयेत, तसा तो सांधा आहे.

गावबाची भूमिका मला फार अवघड वाटते. त्याच्यापुढे गुरूची आज्ञा होती, आणि ज्ञानेश्वरीत कुणी आपली ओवी घालू नये ही त्याच गुरूची ताकीदही जगजाहीर होती. पण दोन्ही गोष्टींत फरक आहे आणि तो त्याने बरोबर ओळखला. पुऱ्या ग्रंथात ढवळाढवळ करणं वेगळं, आणि अर्ध्यावर उभ्या राहिलेल्या श्रोत्याला घरी पोचवणं वेगळं. रामाला लंकेच्या रणात तसंच सोडून चालणार नव्हतं. गावबाने आपली शैली दाखवायचा मोह टाळला. त्याने नाथांचा सूर पकडला आणि शेवटपर्यंत तोच सांभाळला.

पैठणात शेवटच्या कांडाची ही ओढ गावबाच्याही आधीची आहे. कृष्णदास मुद्गल नावाचे कवी रामायणाचं युद्धकांड रचत होते. काम संपत आलं आणि मरण जवळ आलं. तेव्हा एकनाथांनी मृत्यूला काही दिवस थोपवून धरलं आणि कृष्णदासांनी तेवढ्यात ग्रंथ संपवला, अशी आख्यायिका आहे. चमत्काराची गोष्ट आहे, पण ती कुठल्या चिंतेतून जन्मली ते बघा. माणूस गेला याचं दुःख आहेच, पण ग्रंथ अर्धा राहील ही धास्ती त्याहून मोठी. ज्या गावात ही गोष्ट सांगितली जाते, त्या गावाला शेवटच्या अध्यायाचं मोल कळलं होतं.

ते मोल किती, हे समजायला एकनाथांच्याच नातवाकडे पाहावं. लेकीचा मुलगा मुक्तेश्वर, मराठीतल्या थोर आख्यानकवींपैकी एक. त्याने महाभारत मराठीत आणलं. आज हाताशी आहेत ती पाचच पर्वं: आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक. विराट संपतं आणि मग एकदम अश्वत्थामा रात्रीच्या अंधारात पांडवांच्या शिबिरात शिरतो. मधली भीष्म, द्रोण, कर्ण गेली, आणि शेवटही गेला. मुक्तेश्वराची शब्दकळा ज्याने एकदा चाखली, त्याला या अभावाची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. मुक्तेश्वराला त्याचा गावबा मिळाला नाही.

काशीतच तीनशे वर्षांनी पुन्हा अशी एक लांबलेली मालिका घडली, फार निराळ्या मुलखातली. देवकीनंदन खत्री यांनी काशीनरेशांच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. तिथले पडके किल्ले, गुहा, भुयारं त्यांनी पायाखाली घातली. ठेका सुटला आणि त्यांनी 'चंद्रकांता' लिहायला घेतली. ऐयार म्हणजे चलाख हेर, वेषांतरं, बेशुद्धीची औषधं, तिलिस्म म्हणजे मायावी भूलभुलैया. मागून 'चंद्रकांता संतति' आली, तिचे चोवीस भाग, आणि तेही एकामागून एक, वर्षानुवर्षं. १८९८ मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून उर्दू वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी नागरी शिकून घेतली, हे रामचंद्र शुक्लांसारख्या कडक समीक्षकानेही नोंदवलं आहे. चोविसाव्या भागाच्या शेवटी खत्रीही एकनाथांसारखेच वाचकांपुढे येतात. सुरुवात निव्वळ करमणुकीसाठी केली होती, भाषा मुद्दाम सोपी ठेवली, एवढा प्रसार होईल असं वाटलं नव्हतं, असं ते सांगतात आणि कथेतल्या भूतनाथ या ऐयाराची जीवनी पुढे देण्याचं कबूल करतात. ते 'भूतनाथ' त्यांनी सुरूही केलं. सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये ते वारले. पुढचे पंधरा भाग मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी लिहिले.

ज्यांना हे सगळं जुन्या काळापुरतं वाटत असेल, त्यांनी जपानकडे पाहावं. तिथल्या मंगा नावाच्या चित्रकथा मासिका-साप्ताहिकांतून प्रकरणाप्रकरणाने येतात आणि मग खंडांत बांधल्या जातात. केंतारो मिउरा यांची 'बर्सर्क' १९८९ मध्ये सुरू झाली. मे २०२१ मध्ये चौपन्नाव्या वर्षी मिउरा गेले. त्यांचा हात लागलेला अखेरचा, एक्केचाळिसावा खंड त्या डिसेंबरात निघाला, आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोजी मोरी, तेही चित्रकथाकार, यांना मिउरांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी पुढची सगळी कथा सांगून ठेवली होती. जून २०२२ पासून मोरींच्या देखरेखीखाली मिउरांच्याच हाताखाली तयार झालेल्या चित्रकारांनी, स्टुडिओ गागाने, मालिका पुन्हा सुरू केली. मिउरांनी मला सांगितलं तेवढंच लिहीन, माझ्या पदरचं काही घालणार नाही, अशी हमी मोरींनी वाचकांना दिली. ती हमी वाचताना मला पैठणच आठवलं. मोरींची शपथ आणि एकनाथांची ताकीद यांच्यामागे निष्ठा एकच आहे, आणि हाताखालच्या शिष्यांनी गुरूचा सूर धरणं ही तर गावबाचीच वाट.

फरक एवढाच, की स्टुडिओ गागाचं नाव आज प्रत्येक प्रकरणावर छापलं जातं. दुर्गाप्रसाद खत्रींना हिंदी वाचक ओळखतो. त्यांनी पुढे 'रक्तमंडल', 'सफेद शैतान' अशा स्वतःच्या कादंबऱ्याही गाजवल्या. गावबाच्या वाट्याला मात्र पुरणपोळीची गोष्ट तेवढी आली. भावार्थ रामायणाच्या बहुतेक छापील प्रतींच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या एकनाथांचं असतं. गावबाचा उल्लेख झालाच तर तो आत, प्रस्तावनेच्या एखाद्या परिच्छेदात.

एकनाथ स्वतः याबाबत फार जागरूक होते. भागवताच्या शेवटी त्यांनी गाव लिहिलं, घाट लिहिला, पीठ लिहिलं, दोन शक लिहिले आणि सगळं श्रेय जनार्दनस्वामींच्या पायाशी ठेवलं. कुणाचं देणं बाकी राहू नये म्हणून हा माणूस इतका जपणारा. त्यांच्याच मोजपट्टीने पाहिलं, तर युद्धकांडाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाच्या माथ्यावर एक ओळ छापायला हवी: इथून पुढे गावबा. आणि मुखपृष्ठावर गुरूच्या नावाखाली, लहान टाइपात का होईना, त्याचं नाव हवं. ज्या प्रकाशकांनी पिढ्यान् पिढ्या हा ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरात पोचवला, त्यांना पुढच्या आवृत्तीत एवढं सहज करता येईल.